पाठीमागची साक्ष

विल्यम जॉन्सन हा मुंबईतला एक इंग्रज कारकून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याने लेखणी बाजूला ठेवून कॅमेरा धरला, आणि १८६३ व १८६६ साली त्याचे दोन खंड लंडनहून निघाले. मुंबईत राहणारे आणि मुंबईत येणारे-जाणारे लोक त्यात जातवार, जमातवार मांडले होते. पहिला खंड गुजरात-कच्छ-काठेवाडकडच्यांचा, दुसरा महाराष्ट्रातल्यांचा. माणसांच्या मागे कुठे देऊळ, कुठे तळं, कुठे शहरातली एखादी इमारत. बघणाऱ्याला वाटावं, छायाचित्रकार त्यांच्या दारी गेला आणि होते तिथेच त्यांना टिपून आला. पण चित्रावर जरा नजर ठरली की काहीतरी खटकतं. माणूस त्या जमिनीवर उभा आहे, असं वाटत नाही. तो तिथे नव्हताच. माणसांचे फोटो वेगळे घेतलेले, देखावे वेगळे, आणि छापताना दोन्ही एकत्र आणलेले.

भारतात माणूस आणि त्याचा भोवताल एका चौकटीत आणण्याचे जे अगदी सुरुवातीचे प्रयत्न झाले, त्यांतला हा एक. आणि तो बनावट होता, हे या विद्येत पाऊल टाकणाऱ्याने आधीच जाणून घेतलेलं बरं. दीडशे वर्षांनी तेच काम खिशातला फोन करतो, तेही आपण न सांगता. २०१६च्या सुमारास फोनमध्ये ‘पोर्ट्रेट मोड’ आला आणि पोर्ट्रेट म्हणजे मागचं सगळं धूसर, अशी एका अख्ख्या पिढीची समजूत झाली. आता तर मागचं पुसून तिथे हवं ते रचून देणारी साधनंही फुकट मिळतात. जॉन्सनला निदान अंधाऱ्या खोलीत घाम गाळावा लागला असेल.

हे पुस्तक ज्या प्रकाराबद्दल आहे त्याला छायापत्रकार ‘एन्व्हायर्नमेंटल पोर्ट्रेट’ म्हणतात. माणूस त्याच्या कामाच्या किंवा राहण्याच्या जागी आहे, आपला फोटो निघतोय हे त्याला ठाऊक आहे, बहुधा तो कॅमेऱ्याकडे पाहतो आहे, आणि जागा त्याच्याविषयी काहीतरी सांगते आहे. नकळत टिपलेल्या क्षणापेक्षा हा प्रकार वेगळा, कारण इथे दोघांचा करार असतो. ओळखपत्राच्या फोटोपेक्षाही वेगळा, कारण चेहरा इथे एकटा बोलत नाही. वृत्तपत्रांत आणि मासिकांत मुलाखतीसोबत, व्यक्तिरेखेसोबत किंवा एखाद्या धंद्यावरच्या लेखासोबत जो मोठा फोटो असतो तो बहुतेक वेळा याच जातीचा. म्हणून छायापत्रकारितेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच सत्रात हे काम मिळतं, आणि सोपं समजून तो ते उरकून टाकतो: शिंप्याला शिलाई मशीनमागे बसवलं, मास्तरांना फळ्यासमोर उभं केलं, झालं.

तसं होऊ नये म्हणून पुस्तकाने एक भूमिका घेतली आहे. बातमीच्या फोटोत पाठीमागची प्रत्येक वस्तू हे एक विधान असतं आणि विधान खोटं ठरू शकतं. सजावट म्हणून काहीच चौकटीत येत नाही. जे येतं ते साक्षीला येतं. ही भूमिका सर्वांना पटेल असं नाही. पोर्ट्रेटच्या इतिहासातली निम्मी मोठी माणसं तिच्या विरोधात उभी करता येतील, आणि ती उभी करूनच हा विषय नीट कळतो.

इतिहासाची सुरुवात मराठी वाचकाच्या घराजवळ होते. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली, आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्टुडिओ थाटला आणि त्यांची छायाचित्रं १८६७च्या पॅरिसच्या प्रदर्शनापर्यंत गेली. भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्या पहिल्या पिढीतले छायाचित्रकार. ‘फोटोग्राफीचा विद्यार्थी’ हा प्राणी, म्हणजे, आपल्याकडे आगगाडीइतकाच जुना आहे. पण त्या काळचा दबाव नमुने गोळा करण्याचा होता. सरकारने १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड काढले, त्यांत माणूस हा जातीचा नमुना होता. तो काय करतो, कसा राहतो हे मजकुरात आलं. त्याचं नाव मात्र बहुतेक वेळा कुणी विचारलं नाही.

नमुने गोळा करण्याचीच हौस जर्मनीत ऑगस्ट सँडरने वेगळ्या उंचीवर नेली. शेतकरी, मिठाईवाला, वकील, बेकार तरुण अशा साऱ्या समाजाचा त्याला आलेख काढायचा होता. १९२९ साली साठ छायाचित्रांचं त्याचं पुस्तक आलं. १९३६ साली नाझींनी त्याच्या छपाईच्या प्लेटा नष्ट केल्या. स्वयंपाकघरात भांडं धरून उभा असलेला त्याचा मिठाईवाला पाहिला की लक्षात येतं, सँडरने माणसाला त्याच्या धंद्याचा प्रतिनिधी केलं, पण बाहुला केलं नाही. तो माणूस उलट आपल्यालाच जोखतो आहे.

सँडरचं हे एक घराणं. दुसरं घराणं मासिकांचं, आणि त्याचा अध्वर्यू अर्नोल्ड न्यूमन. १९४६ साली त्याने संगीतकार इगोर स्ट्राविन्स्कीचा फोटो काढला. पियानोचं उचललेलं काळं झाकण चौकटीचा बहुतेक भाग व्यापून आहे आणि संगीतकार खाली एका कोपऱ्यात हातावर डोकं टेकून बसला आहे. ज्या ‘हार्पर्स बझार’साठी तो काढला त्यांनी तो घेतला नाही. आज तो या प्रकाराचा आद्य नमुना मानला जातो. गंमत अशी की तो पियानो स्ट्राविन्स्कीचा नव्हताच. फोटो निघाला एका संपादिकेच्या न्यूयॉर्कमधल्या घरी. न्यूमनला संगीताचं प्रतीक हवं होतं, ते त्याला त्या झाकणाच्या आकारात सापडलं. १९६३ साली त्याने जर्मन उद्योगपती आल्फ्रिड क्रुपचा फोटो त्याच्याच कारखान्यात काढला. युद्धकाळात वेठबिगार राबवणारा हा कारखानदार, आणि छायाचित्रकार ज्यू. प्रकाश असा लावला की क्रुप सैतानासारखा दिसावा. इथे जागा खरी होती, पण प्रकाशाने निकाल देऊन टाकला होता. कलावंत म्हणून न्यूमनचं हे कर्तृत्व निर्विवाद आहे. बातमीदार म्हणून विद्यार्थ्याने यांतलं काय उचलावं, हा प्रश्न पुस्तक पुन्हा पुन्हा विचारतं, आणि बरं आहे की एकच उत्तर देत नाही.

तिसऱ्या घराण्यापाशी जास्त थांबायला हवं. १९४२ साली गॉर्डन पार्क्स नावाचा कृष्णवर्णीय तरुण शिष्यवृत्तीवर वॉशिंग्टनला आला. अमेरिकन सरकारच्या फार्म सिक्युरिटी अॅडमिनिस्ट्रेशनचा छायाचित्रण विभाग तेव्हा रॉय स्ट्रायकर चालवत होता. डोरोथी लँगसारखी माणसं त्याच्या हाताखाली काम केलेली. पार्क्स तिथे शिकायला आला होता, म्हणजे या पुस्तकाच्या वाचकाचाच तो सोबती. स्ट्रायकरने पहिलं काम दिलं ते असं: कॅमेरा इथेच ठेव, शहरात फिर, दुकानातून कोट घे, जेव, सिनेमाला जा. रंगामुळे पार्क्सला सगळीकडून परत पाठवण्यात आलं. तो संतापून आला तेव्हा स्ट्रायकरने त्याला त्याच इमारतीत साफसफाई करणाऱ्या बाईशी बोलायला सांगितलं. तिचं नाव एला वॉटसन. तिची कहाणी ऐकून पार्क्सने तिला अमेरिकेच्या झेंड्यासमोर उभं केलं, एका हाताला झाडू, दुसऱ्या बाजूला पोछा. त्या चित्राची ओळख आज जगभर आहे.

पण विद्यार्थ्याने शिकायचं ते त्या चित्राच्या पुढच्या आठवड्यांतून. झेंड्याचा फोटो हे पार्क्सचं म्हणणं होतं, आणि तो ते लपवत नव्हता. त्यानंतर तो एला वॉटसनच्या घरी गेला, तिच्या नातवंडांमध्ये बसला, तिच्या चर्चमध्ये गेला, रात्री ती रिकाम्या कचेऱ्या झाडत असताना सोबत राहिला. त्या फोटोंत झेंडा नाही. आरशात दिसणारी मुलगी आहे, जेवणाचं टेबल आहे, घरातल्या कोपऱ्यातली पूजेची मांडणी आहे. पहिल्या चित्रातली बाई अन्यायाचं प्रतीक आहे. नंतरच्या चित्रांतली बाई कुणाची तरी आजी आहे, भाविक आहे, दमलेली आहे. दोन्ही खरं. मात्र दुसरं कळायला मुक्काम लागतो. विद्यार्थ्याजवळ महागडी लेन्स नसते, नाव नसतं, ओळखपत्र दाखवलं तरी पहारेकरी हसतो. पण दैनिकाच्या छायाचित्रकाराला दिवसाकाठी तीन-चार ठिकाणं गाठायची असतात, तेव्हा विद्यार्थ्याला एकाच ठिकाणी चार वेळा जाता येतं. ही चैन पुढे नोकरीत मिळत नाही.

या सगळ्याच्या उलट टोकाला आर्व्हिंग पेन आणि रिचर्ड अॅव्हेडन. पेनने १९५०-५१मध्ये पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्कमधल्या कारागिरांना हत्यारांसकट स्टुडिओत बोलावलं. अॅव्हेडनने अमेरिकेच्या पश्चिमेतल्या खाणकामगारांना आणि भटक्यांना पांढऱ्या कागदासमोर उभं केलं. भोवताल काढून टाकला तरी कपड्यांवरच्या डागांत आणि हातांवरच्या चरांत तो उरतोच, असं त्यांचं काम सांगतं. विद्यार्थ्याने ते पाहावं, म्हणजे जागेच्या मोहात माणूस हरवणार नाही.

आपल्याकडे विद्यार्थिदशेतूनच या कामाला लागलेल्यांची परंपरा मोठी आहे. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत होत्या तेव्हा त्यांनी आपल्याच वर्गमैत्रिणींचे फोटो काढले: १९३०च्या दशकातल्या मुंबईतल्या शिकणाऱ्या, मोकळ्या, कामात गढलेल्या मुली. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ एका फोटोचा एक रुपया देत असे, आणि सुरुवातीला श्रेय जाई पती माणेकशा यांच्या नावावर. दयानिता सिंगने अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत शिकत असताना झाकिर हुसेन यांच्यासोबत फिरून, मैफिलीत, रियाजात, घरी त्यांना टिपलं. १९८६ साली आलेलं ते पुस्तक मुळात विद्यार्थ्याचा प्रकल्प होता. पुढे ‘मायसेल्फ मोना अहमद’मध्ये तिने एक पाऊल पुढे टाकलं. चित्रं तिची, पण मजकूर मोना अहमद यांनी स्वतः प्रकाशकाला लिहिलेल्या ई-मेलांचा. फोटोतल्या माणसाला आपल्या फोटोवर बोलू दिलं, तर चौकटीचा अर्थ कोण ठरवतं? पुस्तकातल्या सर्वांत वादळी चर्चेचं मूळ इथे आहे.

महाराष्ट्रात सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर केलेलं काम हा या प्रकाराचा कस आहे. जिथे उभं राहणंच कठीण, तिथे माणसाची प्रतिष्ठा राखून त्याला कसं दाखवायचं, हे ते फोटो शिकवतात. २०१६ साली ओलवे यांना पद्मश्री मिळाली. संदेश भंडारे तमाशाच्या फडांबरोबर राहिले. त्यांच्या चित्रांत रंगमंचाइतकीच राहुटी महत्त्वाची आहे, किंबहुना जास्त. पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत टिपलेल्या बायकांच्या कामाच्या फोटोंतून एक वेगळीच अडचण समोर येते. वाकून, ओझं वाहून, खाली पाहून होणाऱ्या कामात चेहरा दिसतच नाही. मग बाईला मान वर करायला सांगायचं, की कामच चेहऱ्याच्या जागी येऊ द्यायचं? त्यांनी उभ्या केलेल्या ‘परी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात विद्यार्थ्यांचं कामही प्रसिद्ध होतं, मराठीसह अनेक भाषांत. आजच्या मराठी विद्यार्थ्याला इतका जवळचा दुसरा दरवाजा क्वचितच.

बंगळुरूची परंपराही तितकीच भरघोस. म्हैसूरचे टी. एस. सत्यन १९४८ साली बंगळुरूच्या ‘डेक्कन हेराल्ड’मध्ये लागले आणि पुढे ‘लाइफ’सारख्या मासिकांपर्यंत पोचले, पण त्यांचा जीव रमला साध्या माणसांत. बंगळुरूत राहणाऱ्या क्लेअर आर्नी यांनी भारतीय शहरांतून नाहीशा होत चाललेल्या धंद्यांची माणसं त्यांच्या दुकानांत, गाळ्यांत जाऊन टिपली. याच आर्नी यांच्या साथीने पुष्पमाला एन. यांनी २००० ते २००४ या काळात ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया’ ही मालिका केली. जुन्या मानववंशशास्त्रीय फोटोंचा, रंगवलेल्या पडद्यांचा सोंग घेऊन केलेला हा समाचार जॉन्सनच्या खंडांशेजारी ठेवून पाहावा. आणि पोलीस खात्यात शिपाई असलेले शिवराजू, म्हणजे कॉप शिवा, यांनी अंगाला चंदेरी रंग फासून गांधी होणाऱ्या बागडेहळ्ळी बसवराज या शिक्षकाचा पिच्छा पुरवला. गावच्या बाजारात, शेतात, रस्त्यावर उभा असलेला तो चंदेरी माणूस आणि त्याच्याकडे पाहणारे, न पाहणारे लोक. यात भोवताल काढला तर हाती फक्त वेशभूषा उरेल.

एवढं सगळं शहरात असताना पुस्तकाने सरावासाठी बंगळुरूजवळचं होसकोटे हे छोटं गाव का निवडलं, असा प्रश्न वाचकाला पडेल. त्याचं उत्तर अमेरिकेत सापडतं. मिझुरी विद्यापीठाच्या क्लिफ एडमने १९४९ साली एक कार्यशाळा सुरू केली. दर वर्षी राज्यातलं एक वेगळं छोटं गाव घ्यायचं, आणि आठवडाभर छायाचित्रकारांनी तिथल्या माणसांच्या गोष्टी शोधायच्या. शिकवायला खुद्द स्ट्रायकरही असे. कार्यशाळा आजही चालते. मोठ्या शहरात विषय अंगावर येतात. छोट्या गावात ते शोधावे लागतात, आणि गावात चार दिवसांत आपल्याला सगळे ओळखू लागतात, तेव्हा खोटं वागण्याची सोय राहत नाही.

होसकोटे हे बंगळुरू ग्रामीण जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव कोलारच्या रस्त्यावर आहे. महानगर त्याच्या दाराशी येऊन ठेपलं आहे, पण अजून पुरतं आत शिरलेलं नाही. अविमुक्तेश्वराचं देऊळ आहे, मोठं तळं आहे, आणि भल्या पहाटे खुल्या होणाऱ्या दम बिर्याणीच्या जागा आहेत, जिथे बंगळुरूहून गाड्या घेऊन लोक अंधारात रांग लावतात. मराठी माणसाला होसकोटे नावाने ठाऊक नसलं तरी त्याने इथली वस्तू वापरली आहे. मुंबई-पुणे रस्त्यावर ज्या आरामबसला सगळे सरसकट ‘व्होल्वो’ म्हणू लागले, त्या कंपनीचा भारतातला कारखाना इथे आहे. त्याही आधीचं एक जुनं नातं आहे. शहाजीराजांच्या कर्नाटकातल्या जहागिरीत बंगळुरू, कोलार यांच्यासोबत होसकोटे होतं. ऑगस्ट १७६८मध्ये हैदरअलीने मराठा सरदार मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर रात्री हल्ला केला तोही होसकोट्याजवळच. अर्थात हे काही आज फोटोत येणार नाही. भोवतालाचा एक मोठा भाग अदृश्य असतो, आणि तो फोटोखालच्या ओळींत लिहावा लागतो, हे शिकण्यासाठीही हे गाव बरं.

पहाटेची बिर्याणी हा सर्वांत सोपा आणि म्हणून सर्वांत घातक विषय. देगीचं झाकण उघडलं की वाफ उसळते, त्यामागे आचारी, चुलीचा तांबडा उजेड. सगळ्यांच्या फोनमध्ये हाच फोटो असतो. पुस्तक विद्यार्थ्याला त्याच्या आदल्या रात्री पाठवतं. कांदा कोण चिरतं, लाकूड कोण फोडतं, देग घासून कोण पालथी घालतं, आणि पहाटेच्या गर्दीला वाढणारा माणूस झोपतो कधी? कारखान्यात अडचण उलटी. परवानगी मिळाली की जनसंपर्कवाले हेल्मेट, कोरं जॅकेट आणि उजळलेला कोपरा तयारच ठेवतात. ती मांडणी कंपनीची असते, कामगाराची नव्हे. फोटो तिथेच काढावा लागला, तर निदान ते ओळखून काढावा. आणि तळ्यावर पक्षी टिपायला बंगळुरूहून हौशी लोक हातभर लांबीच्या लेन्सा घेऊन येतात. त्यांच्यात उभं राहिलेल्या विद्यार्थ्याने शेजारी गुरं घेऊन आलेल्या माणसाशी दोन वाक्यं बोलली तरी त्याचं काम सुरू झालं. भाषेची भीती बाळगू नये. कन्नड, तेलुगू, दखनी असं सगळं इथे चालतं, आणि ‘फोटो तेगीबहुदा?’ एवढं विचारता आलं की समोरचा बहुधा हसून पुढचं सांभाळून घेतो.

पण होसकोट्यातला सर्वांत अवघड फोटो बंद खोलीतला आहे. भारतीय ताराभौतिकी संस्थेचं ‘क्रेस्ट’ हे संकुल इथे आहे. लडाखमध्ये हानले इथे, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, दोन मीटर व्यासाच्या आरशाची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे, आणि ती उपग्रहाच्या दुव्यावरून चालवली जाते होसकोट्यातून. २ सप्टेंबर २०२३ रोजी उडालेल्या आदित्य-एल१ यानावरचं सूर्याच्या कोरोनाचं निरीक्षण करणारं मुख्य उपकरणही याच संकुलात जुळवलं गेलं. आता या खगोलशास्त्रज्ञाचा भोवताल कोणता? ज्या आकाशाकडे तो रात्रभर पाहतो ते त्याच्या डोक्यावर नाही. खोलीत पडदे आहेत, खुर्ची आहे, टेबल आहे. कुठल्याही बँकेत असतं तेच. न्यूमनच्या घराण्यातला छायाचित्रकार त्याच्या चेहऱ्यावर तारे पाडेल आणि फोटो सुंदर होईल. पुस्तकाचा आग्रह असा की तारे पाडू नयेत. पडद्याचा निळसर उजेड चेहऱ्यावर पडतोच, तो खरा आहे. रात्रीचे तीन दाखवणारं घड्याळ असेल, हानलेचं हवामान सांगणारे आकडे असतील, कोपऱ्यात डबा असेल, तर तेही खरं. नाहीच काही मिळालं, तर ती खोली जशी निरस आहे तशीच दाखवावी आणि लडाख ओळींत लिहावं. या मतावर वाचकाने भांडावं अशीच अपेक्षा आहे.

मराठी विद्यार्थ्यासाठी बंगळुरूतच आणखी एक विषय वाट पाहतो आहे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडून पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडलेले गलाईवाले देशभरच्या सराफ बाजारांत सोनं-चांदी गाळतात, इथेही. भट्टी, मूस, तेजाबाचा धूर, अरुंद गाळा, भिंतीवर गावच्या देवाचा फोटो. इथे परक्या शहरातला भोवताल आणि मनातला भोवताल एकाच भिंतीवर टांगलेले सापडू शकतात. पण तेजाबाच्या धुरात किती वेळ थांबायचं, हे आधी त्यांनाच विचारून घ्यावं.

पाठीमागची साक्ष खोटी निघाली की काय होतं, याचं ठसठशीत उदाहरण २०१५चं. जिओव्हानी त्रोइलो या इटालियन छायाचित्रकाराला बेल्जियममधल्या शार्लरवा शहरावरच्या मालिकेसाठी वर्ल्ड प्रेस फोटोचं पहिलं पारितोषिक मिळालं. त्यातला एका चित्रकाराच्या स्टुडिओतला फोटो शार्लरवाचा नसून ब्रसेल्समधल्या मोलेनबीकचा आहे, असं उघड झालं आणि पारितोषिक काढून घेतलं गेलं. पोझ दिली, मांडणी केली, यावर वाद झाले. निकाल लागला तो गावाच्या नावावर. पोर्ट्रेटमध्ये ‘इथे उभे राहा’ म्हणणं छायापत्रकारितेत चालतं, कारण करार उघड असतो. जागा, वेळ, वस्तू याबद्दल वाचकाची फसवणूक चालत नाही. भिंतीवरची तसबीर हलवली, दुसऱ्याची अवजारं हातात दिली, बंद पडलेला माग फोटोपुरता चालू केला, तर ते ओळींत सांगावं लागतं. सांगायला लाज वाटत असेल, तर ते करू नये.

साक्षीला दुसरी धारही आहे. बालन्याय अधिनियम २०१५चं कलम ७४ आणि पॉक्सो कायद्याचं कलम २३ अडचणीत सापडलेल्या किंवा अत्याचार झालेल्या मुलांची ओळख उघड करायला मनाई करतात. विद्यार्थी चेहरा सावलीत ठेवतो आणि सुटलो असं समजतो. मागे शाळेची पाटी दिसते, गणवेशाचा रंग दिसतो, गल्लीतलं देऊळ दिसतं. भोवताल बोलका असतो म्हणूनच तो इथे घात करतो. मोठ्या माणसांच्या बाबतीतही घरमालक, ठेकेदार, नवरा यांना त्या फोटोतून काय कळेल, हे काढण्याआधी विचारायला हवं.

तंत्राची प्रकरणं पुस्तकात आहेत, आणि ती मुद्दाम आटोपशीर आहेत. पस्तीस मिलिमीटरच्या आसपासची लेन्स, एफ/५.६ ते एफ/८ छिद्र, म्हणजे माणूस आणि मागचं दोन्ही वाचता येईल. दार किंवा खिडकीतून येणारा बाजूचा उजेड. चौकटीच्या चारही कडांवरून एक फेरी. डोक्यातून उगवलेला खांब टाळणं. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याने काम होतं, फक्त माणूस कडेला गेला की ताणला जातो आणि पोर्ट्रेट मोड बंद ठेवावा लागतो. हात चौकटीत ठेवावेत, कारण बऱ्याच धंद्यांची खूण चेहऱ्यापेक्षा हातांवर असते. याहून जास्त तंत्र यूट्यूबवर कुणीही शिकवतं. या पुस्तकाची खरी जाड प्रकरणं आहेत ती बोलणं, थांबणं आणि फोटोखालच्या ओळी लिहिणं यांवर. नावाचं स्पेलिंग त्या माणसाकडूनच लिहून घेणं, हे तिथलं पहिलं पान आहे. डोरोथी लँगच्या ‘स्थलांतरित आई’ या जगप्रसिद्ध फोटोतल्या बाईचं नाव फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन होतं, हे जगाला कळायला १९३६पासून १९७८ उजाडलं.

पुस्तक चित्रांची मोठी गॅलरी नाही. गाजलेल्या फोटोंपेक्षा विद्यार्थ्यांचे बाद झालेले फोटो जास्त आहेत, का बाद केले त्या टिपणांसकट. काही टिपणांशी या प्रस्तावनेचा लेखक सहमत नाही. कारखान्याच्या एका बाद फोटोत मागे अर्धवट रंगवलेली बस आहे, आणि ‘पार्श्वभूमी गजबजलेली’ म्हणून तो टाकला आहे. ती गजबज ठेवायला हवी होती. उत्साही वाचकाने सरळ सरावाच्या भागाकडे वळलं तरी हरकत नाही. तिथला पहिला स्वाध्याय होसकोट्याऐवजी आपल्या गावात करता येतो: एक जागा निवडायची, पहिल्या भेटीत कॅमेरा न्यायचा नाही, आणि परत आल्यावर आठवेल तेवढ्या वस्तूंची यादी करून प्रत्येकीसमोर लिहायचं की ती तिथे कुणी आणली.